मेलबर्नच्या उन्हात काठी होऊन

ऑस्ट्रेलियाहून परत आले म्हटल्यावर आमच्या सांगलीत प्रत्येकजण पहिला प्रश्न एकच विचारतो, कांगारू बघितलं का? बघितलं. रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर. खरं कांगारू काही दिसलं नाही, आणि मला त्याचं फारसं दुःखही नाही. मला तिथं सूर्यच नीट सापडत नव्हता, कांगारू कुठून सापडणार?

हसू नका. मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलंय. दिशांच्या बाबतीत तर मी कॉलनीत प्रसिद्ध आहे. कुणी घर बांधायला काढलं की आधी मला प्लॉटवर नेतात आणि विचारतात, बाई, ऊन कुठून येईल? आणि मी हात लांब करून सांगते. असं असताना तिथं पोचल्या दिवशी माझ्या डोक्यातलं होकायंत्र जे बिघडलं ते परत येईपर्यंत सुधारलं नाही. खरं सांगायचं तर परत आल्यावर ते आणखीच बिघडलं. तुमच्यापैकी जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांना हा घोळ सांगावा म्हणून लिहायला बसले आहे.

क्लेटन

माझी मुलगी केतकी दोन वर्षांपूर्वी मेलबर्नला शिक्षिका व्हायचं शिक्षण घ्यायला गेली. शिक्षिकेच्या मुलीनं शिक्षिका व्हायला इतक्या लांब जावं, याचं मला पहिल्यापासून कोडंच होतं. पण तिथं शिक्षक कमी आहेत, शिकून झालं की राहायला मिळतं, असं सगळे म्हणत होते आणि सगळेच जात होते. क्लेटन हे त्या सगळ्यांचं गाव. मोठी युनिव्हर्सिटी जवळ असल्यानं स्टेशनवर उतरलं की पुढेमागे आपलीच पोरं. एकाच्या पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पिशवी, दुसऱ्याच्या अंगावर सिक्युरिटीचं जाकीट, तिसरी कानात इअरफोनची बोंडुकली घालून युनीला पळतेय. तेलुगू, पंजाबी, गुजराती, मध्येच मराठी. "अरे शिफ्टला उशीर होतोय" हे वाक्य मी पहिल्या तासात तीनदा ऐकलं.

केतकीच्या घरात पाच मुली. मला तिनं तिची खाट दिली आणि स्वतः खाली गादीवर झोपायला लागली. मी नको नको म्हटलं, पण पाठीनं माझी बाजू घेतली नाही. सांगलीहून नेलेला ताजा कढीपत्ता विमानतळावरच काढून घेतला होता. भडंग मात्र त्या अधिकाऱ्यानं हातात घेऊन, वास घेऊन, शेवटी परत दिला. त्या भडंगानं घरातल्या पोरी माझ्या झाल्या.

पहिल्या आठवड्यात मी घरातले सगळे कपडे धुवून मागच्या अंगणात दक्षिणेच्या बाजूला वाळत घातले. दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलतो, मग तिकडच्या दोरीला ऊन जास्त, हा माझा साधा हिशेब. संध्याकाळी कपडे जसेच्या तसे गार आणि ओले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी हरप्रीत नावाची नर्सिंगची मुलगी कामावरून आली, तिनं न बोलता सगळी दोरी रिकामी केली, कपडे घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन टाकले आणि म्हणाली, "आंटीजी, धूप इधर आती है."

केतकीला कळल्यावर ती पोट धरून हसली. म्हणाली, आई, इथं सूर्य उत्तरेच्या बाजूनं जातो. मी तिला म्हटलं, मला माहितीये गं, दक्षिण गोलार्धाचा धडा मीच शिकवलाय. आणि ते खरंच होतं. मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि दोरीवर कपडे टाकताना ते आठवणं यात इतकं अंतर असेल असं वाटलं नव्हतं. दुपारी कोथिंबीर आणायला निघावं तर पाय भलतीकडेच वळायचे. एकदा तर मी रेल्वेलाइन ओलांडून कुठल्या तरी गोदामांच्या रस्त्याला लागले आणि केतकीला युनीतून उठून मला शोधायला यावं लागलं. चंद्रही तिथं उलटा, त्यावरचे डाग खालचे वर. बघून मला कसंतरीच व्हायचं. आपल्या ओळखीचं माणूस डोक्यावर उभं असल्यासारखं वाटायचं.

शाळा

मे महिना सुरू झाला. तिथं तो हिवाळ्याच्या तोंडाचा. केतकीची प्लेसमेंट चालू होती, म्हणजे एका प्राथमिक शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव. आपल्याकडे डी.एड.वाल्या मुली पाठ घ्यायला येतात तसंच. तिची मार्गदर्शक होती हेदर नावाची, पन्नाशीची, उंच, केस कापलेली, पायात कायम धावायचे बूट. हेदर वर्गात मागे बसणार, केतकीचा एक मोठा पाठ बघणार आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत युनीला कळवणार, मुलगी पास की नापास. नापास झाली तर सगळी प्लेसमेंट पुढच्या सत्रात पुन्हा करायची, आणि त्याआधी केतकीचा व्हिसा संपत होता. म्हणजे दोन वर्षं पाण्यात आणि पोरगी परत घरी. केतकी हे सगळं फार शांतपणे सांगायची, पण तिची नखं बघितली की कळायचं.

पाठाचा विषय ऐकून मी गोंधळले. विज्ञान होतं, पण धडा नव्हता. माणसांना गोष्टी कळल्या कशा, कुणी आधी चुकीचं समजलं, मग कुणी कसं सुधारलं, असं काहीतरी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवायचं. केतकीनं निवडलं होतं, घड्याळाच्या आधी माणसं वेळ कशी बघत. अंगणात काठी उभी करायची, तिची सावली दिवसभर आखायची. मी विचारलं, मग अनुमान काय लिहायचं? ती म्हणाली, ते मुलं ठरवतील. मी विचारलं, आणि बरोबर उत्तर? ती हसली आणि म्हणाली, तू ये वर्गात, तुलापण तिथंच कळू दे. पुढे काहीच सांगेना.

आता आमची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. जर्नलमध्ये निरीक्षण आधीच ठरलेलं असतं, प्रयोगानं फक्त तिथं येऊन उभं राहायचं. लिटमस निळा व्हायला हवा आणि होत नसेल तर आम्ही शिक्षक टेबलांवरून फिरताना हळूच दुसरा कागद सरकवायचो, लोलकाचं रीडिंग थोडं इकडचं तिकडं करायचो. मुलांचे मार्क जाऊ नयेत म्हणून. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. मायेनं करायचं काम होतं ते, नाक पुसल्यासारखं.

हेदरनं मला आनंदानं बोलावलं. ऑफिसात नाव लिहून छातीवर "व्हिजिटर" असं स्टिकर लावलं. मी तिला भडंग दिलं, तिनं एक मूठ खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि "नो वरीज" म्हणत दुसरी मूठ घेतली. मला बाई आवडली. ती म्हणाली, तुमच्यासारखी अनुभवी सायन्स टीचर आमच्या वर्गात म्हणजे मुलांचं भाग्य. मी मनातल्या मनात जरा फुगले. नंतर जे झालं त्यात या फुगण्याचा हात होता असं मला वाटतं.

मंगळवार होता, ऊन स्वच्छ. बास्केटबॉलच्या डांबरी मैदानावर वाळूनं भरलेली बादली, तिच्यात झाडूचा दांडा उभा. मुलांनी साडेनऊला सावलीवर खडूनं रेघ मारली आणि टोकाशी वेळ लिहिली. सव्वादहाला दुसरी. अकराला तिसरी. मग मधली सुट्टी झाली, मुलं पळाली, हेदर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मुलांवर लक्ष ठेवत उभी राहिली, केतकी आत पुढची तयारी करायला गेली, आणि मी बाकावर एकटी उरले. समोर तीन रेघा.

मी बघितल्या आणि वाकून पुन्हा बघितल्या. वेळा उलट्या लिहिल्या होत्या. काठीची सावली घड्याळाच्या काट्यांसारखी सरकते, हे मी किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवलंय. इथं तर साडेनऊ, सव्वादहा, अकरा हे काट्यांच्या बरोबर उलट्या दिशेनं चालले होते. पोरांनी घोळ केलाय, माझ्या मनानं लगेच निकाल दिला. पहिलीची वेळ तिसरीला लिहिलीय आणि तिसरीची पहिलीला. आणि हेदर परत येऊन हे बघणार. माझ्या पोरीचा पाठ, माझ्या पोरीचा व्हिसा, आणि पोरांना साध्या वेळा लिहिता येत नाहीत.

मी रुमाल बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि दोन वेळा पुसल्या. खडू तिथंच पडला होता. अकराच्या जागी साडेनऊ लिहिलं, साडेनऊच्या जागी अकरा. मुलांच्या अक्षरासारखं दिसावं म्हणून नवाला मुद्दाम वाकडी शेपटी दिली. उभी राहते तो मागे एक मुलगी पाण्याची बाटली घ्यायला आलेली. दोन वेण्या, चष्मा. नाव विचारलं तर आर्या. मी मराठीत विचारलं, मराठी येतं का गं? ती इंग्लिशमध्ये म्हणाली, कळतं. मग मी तिला सांगितलं की हे जरा चुकलं होतं, मी नीट केलंय. ती रेघांकडे बघत राहिली, "ओके" म्हणाली आणि पळाली. मला कुठं काय वाटलं? हात झटकून मी बाकावर बसले, एक काम मार्गी लावल्यासारखी.

बारा वाजता सगळा वर्ग बाहेर आला. मुलांनी चौथी रेघ मारायला खडू टेकवला आणि एकदम गलका झाला. सावली अकराच्या पुढे नव्हतीच. ती बाकीच्या सगळ्या रेघा ओलांडून साडेनऊच्याही पलीकडे जाऊन पडली होती.

"इट जम्प्ड," कुणीतरी म्हणालं. सावलीनं उडी मारली.

मी उभी राहून बघितलं. सावली तिथंच होती, अगदी शांत. माझ्या हिशेबानं ती दुसऱ्या बाजूला असायला हवी होती. मला अजूनही काही कळत नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की सावली पोरांचं ऐकतेय आणि माझं नाही.

केतकीनं मुलांना विचारलं, काय झालं असेल? पोरांचे हात वर. एक म्हणाला पृथ्वी थांबून उलटी फिरली. एक म्हणाली कुणीतरी बादली हलवली. एकाला वाटलं ढग आडवा आला असेल. केतकी सगळं हातातल्या छोट्या फळ्यावर लिहीत गेली, पण मला दिसत होतं, तिला वाटतंय की सकाळी आपणच वेळा लिहून घेताना चूक केली. हेदर मागे उभी राहून कागदावर काहीतरी लिहीत होती. आर्यानं हात वर केला नव्हता. ती फक्त माझ्याकडे बघत होती. आजीच्या वयाच्या बाईचं नाव वर्गात सांगायचं नसतं, हे त्या पोरीला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

ती सांगणार नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच माझे पाय उठले. माझं इंग्लिश तोडकंमोडकं. मी म्हटलं की वेळा मी बदलल्या, मला वाटलं मुलांचं चुकलंय.

मग आर्या माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली.

"पण आजी, तू आम्हाला विचारलं का नाही?"

याचं उत्तर मला आजही नीट येत नाही. मी इतकंच म्हटलं की मला आठवतंय कुठं काय होतं, चला, परत बदलून देते. त्यावर मागून एक मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, तुम्हाला बरोबर आठवतंय हे आम्हाला कसं कळणार? त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

केतकीनं हेदरकडे एकदा बघितलं. मग ती मुलांना म्हणाली की आजच्या रेघांवर आता भरवसा ठेवता येत नाही, सगळ्या पुसायच्या आणि पुन्हा करायचं. मुलांनी बादल्याच्या बादल्या पाणी ओतून मैदान धुतलं. माझ्या वाकड्या शेपटीचा नऊसुद्धा वाहून गेला.

बसमध्ये आणि घरात

घरी जाताना केतकी खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. उतरायच्या आधी ती माझ्याकडे न बघताच बोलली.

"मी नापास झाले तर सांगलीला परत येईन. तुला बरंच वाटेल ना, आई?"

कानशिलात बसावी तसं झालं मला. खोटं कशाला बोलू, पोरगी परत यावी असं मला रोज वाटतं. तिच्या खोलीत मी आठवड्याला चादर बदलते, झोपायला कुणी नसताना. पण अशी नको होती ती मला, माझ्या हातानं पाडलेली. मी तसं तिला सांगितलं. घरी गेल्यावर मी वरणभात केला, तो तिनं खाल्ला, एवढंच.

पाठात सावलीचं काय निघणार ते तिनं मला आधी का नाही सांगितलं, हे मी रात्री हरप्रीतला विचारलं. हरप्रीतनं तिच्या हिंदीत समजावलं की दीदीला तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, किती दिवस म्हणत होती, मम्मीचा चेहरा बघायचाय. यानं मला आणखीच रडू आलं. बिचारी हरप्रीत मला चहा करून देऊन कामाला गेली.

बुधवारी आभाळ भरून आलेलं. सावलीचं नाव नाही. मी दिवसभर खिडकीशी. शुक्रवारच्या आत ऊन पडलंच पाहिजे आणि ढग काही हलायला तयार नाहीत, माझा जीव टांगणीला. शिवाय खिडकी उत्तरेची की दक्षिणेची याचा मला अजूनही नीट पत्ता नव्हता. संध्याकाळी केतकी आली ती जरा बोलती होऊन. ढगाळ होतं म्हणून मुलांनी नियम केले होते, म्हणे. रेघ मारताना दोघांनी बघायचं. एकट्यानं काही पुसायचं नाही. शंका आली तर आधी विचारायचं. आणि शेवटी मुलांनी ठरवलं होतं की मिस केतकीच्या आईला पुन्हा बोलवायचं, कारण तिनं अजून बरोबर सावली बघितलेली नाही.

मी म्हटलं, नको गं बाई, मी हात लावीन परत. तर केतकीच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. म्हणाली, त्याचीही सोय केलीय त्यांनी. काठी नाहीये यावेळी. काठी तू.

काठी

गुरुवारी ऊन पडलं. मैदानावर मुलांनी दोन पावलं आखून ठेवली होती. मी पंजाबी ड्रेसवर केतकीचा जाड कोट घालून त्या पावलांवर उभी राहिले. आर्यानं मला बजावलं की काठी हलत नाही आणि काठी खडूला हात लावत नाही. मी मान डोलावली तर म्हणाली, मान पण नाही.

आयुष्यात मी वर्गात एवढी गप्प कधीच उभी राहिले नव्हते. दोन पोरं माझ्या सावलीच्या डोक्याशी बसली, एकानं रेघ मारली, दुसऱ्यानं तपासली, मग अदलाबदल. मला सोडलं, तासानं पुन्हा बोलावलं. पाठीवर ऊन, तोंड दक्षिणेला, सावली समोर. सकाळी ती माझ्या उजव्या हाताच्या बाजूला लांब पडली होती. दर खेपेला ती थोडी डावीकडे सरकली. दुपारी दोनला ती डाव्या हाताच्या बाजूला गेली होती. मी एकदाही हलले नाही, कुणी काही पुसलं नाही, आणि सावली घड्याळाच्या उलटी गेली. मंगळवारी पोरांचं बरोबर होतं. अगदी पहिल्यापासून.

मग केतकीनं भिंतीवरचं घड्याळ आणून जमिनीवर माझ्या रेघांशेजारी ठेवलं आणि विचारलं, काटे या बाजूनंच का फिरतात? पोरांनी तोंडं वाकडी केली, घड्याळ फिरवलं, उलटं धरलं. केतकीनं त्यांना थोडं थोडं पुढे नेलं. घड्याळं पहिल्यांदा कुणी बनवली? ती माणसं कुठं राहायची? त्यांच्या अंगणात सावली कशी जात असेल? शेवटी त्यांच्याच तोंडून आलं की ती माणसं वर, उत्तरेकडे राहायची, त्यांनी आपल्या सावलीसारखे काटे केले आणि सगळ्या जगानं ते घेतले. एकजण म्हणाला, मग आमचं घड्याळ चुकीचं आहे. दुसरी म्हणाली, चुकीचं नाही, दुसऱ्यांचं आहे.

मी माझ्या मनगटाकडे बघत होते. हे काटे असेच फिरणार, हे मी देवाज्ञेसारखं धरून चालले होते. ते कुणाच्या तरी अंगणातून आलेत हे मला निवृत्तीनंतर आठ-नऊ वर्षांची पोरं सांगत होती, आणि मी त्यांची काठी होते. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मजा वाटली. आणि डोकं गरगरायला लागलं ते वेगळंच.

शुक्रवारी हेदरनं केतकीला पास केलं. अभिप्रायात चांगलं बरंच होतं, आणि शेवटी एक ओळ अशी की पाहुण्यांच्या हाती साहित्य सोपवताना काळजी घ्यावी. केतकीनं ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली. त्या रात्री तिनं गादी माझ्या खाटेला चिकटवून घातली आणि आम्ही दोघी हसत पडून राहिलो.

निघायच्या आधी मी वर्गाचा निरोप घ्यायला गेले. पास झाली तरी केतकीची प्लेसमेंट अजून काही आठवडे चालणार होती. मुलांनी मला काम दिलं. सांगलीला गेल्यावर काठी रोवायची, रेघा मारायच्या, फोटो पाठवायचा. सगळ्यांनी आपापला अंदाज आधीच सांगून ठेवला, की तुमच्याकडे ती घड्याळासारखीच जाणार. मीही छातीठोकपणे म्हटलं, अर्थात. आर्यानं पुन्हा बजावलं की पुसायचं नाही.

सांगली

आले तेव्हा मेचा शेवट, गच्चीवर पाय भाजत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूच्या बादलीत झाडूचा दांडा रोवला, खडू घेतला आणि डोक्यावर ओला पंचा टाकून बसले. दोघांनी बघायचं या नियमासाठी शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांनी विचारलं, बाई, बरं आहे ना सगळं?

सकाळी सावली पश्चिमेला लांब होती. मग जवळजवळ त्याच रेघेवर आखूड होत गेली. साडेबाराच्या सुमारास चार बोटं उरली, आणि ती चार बोटं दक्षिणेला होती. उत्तरेला नाही, दक्षिणेला. दुपारनंतर ती पूर्वेकडे लांबली. पश्चिम, दक्षिण, पूर्व. डिट्टो मेलबर्न. घड्याळाच्या उलटी, माझ्या स्वतःच्या गच्चीवर.

मला वाटलं बादली फिरली. वहिनी म्हणाल्या, नाही हो, मी बघतेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, होकायंत्र मागून आणलं. पुन्हा तेच. वहिनी आता न बोलावता यायला लागल्या होत्या.

उलगडा संध्याकाळी झाला, संत्र्याची पृथ्वी आणि टॉर्चचा सूर्य करून बसल्यावर. शून्य सावलीची बातमी आपल्याकडे दर मे महिन्यात पेपरात येते, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाची. मी ती दरवर्षी वाचते आणि लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसते. त्या दिवसानंतर सूर्य पुढे कुठं जातो, हे मी कधी बघितलंच नाही. तो आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो, आणि ऑगस्टपर्यंत दुपारचा तिकडेच असतो. तेवढे दिवस सांगलीची सावली मेलबर्नच्या चालीनं चालते. मेमध्ये शाळेला सुट्टी, जूनपासून आभाळ भरलेलं. बघणार कोण? आम्ही फळ्यावर काढत राहिलो आणि सावली गच्चीवर तिला हवं ते करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेलबर्नला शाळा चालू असताना, रेघांचा फोटो काढला तेव्हा ओला रुमाल हाताशी होता. खोटं नाही बोलत, एक क्षण मनात आलं. दोन वेळा बदलल्या की मुलांचा अंदाज बरोबर, सगळे खूश, हजारो मैलांवरून कुणाला कळणार? मी रुमाल वहिनींच्या हातात दिला आणि फोटो जसा होता तसा केतकीला पाठवला.

तासाभरात तिचा फोन. आवाज घाबरलेला. तो फोटो तिनं न बघता सरळ वर्गात पडद्यावर लावला होता.

"आई, खरं सांग, परत वेळा बदलल्यास का?"

मी म्हटलं, नाही. वहिनींना फोनवर घेतलं, त्यांनीही सांगितलं. पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता, आर्याचा आवाज सगळ्यात वरचा.

"मग असं कसं? तुला माहितीये का?"

उत्तर जिभेच्या टोकावर होतं. इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलंसुद्धा. समोर गच्चीवर काठीची सावली पश्चिमेकडून हळूहळू आखूड होत होती.

"पोरांना विचार," मी म्हटलं.